धवला उचलणारी

गव्हाण गावाच्या बाजूला आगरी घरात लग्न ठरलं की हॉल बघायच्या आधी, बँजोवाल्याला फोन करायच्या आधी रंभाकडे माणूस जायचा. रंभा मोकळी आहे का, हे कळलं की मगच तारीख पक्की व्हायची. रंभा धवलारीण होती. मांडवात तांदळाचा चौक काढायचा आणि हळदीपासून वरात निघेपर्यंत त्या त्या विधीचं गाणं, म्हणजे धवला, म्हणायचा, हे धवलारणीचं काम. भटजी येतात, मंत्र म्हणतात आणि पुढच्या लग्नाला जातात. पण जुन्या माणसांना धवला कानावर पडल्याशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत नाही.

रंभाबरोबर नेहमी मनिषा असायची. रंभा थोरली जाऊ, मनिषा धाकटी. दोघींना हे गाणं सासूने शिकवलं होतं, संध्याकाळचं काम उरकलं की ओटीवर समोरासमोर बसवून. धवल्यात एक बाई ओळ काढते आणि दुसरी ती उचलते. पहिलीची ओळ संपायला आली की तिचे शेवटचे शब्द दुसरी पकडते आणि ओळ पुढे नेऊन टेकवते. तेवढ्यात पहिलीला श्वास घ्यायला मिळतो. सासूने सांगितलं, रंभा काढेल, मनिषा उचलेल. का, ते तिने सांगितलं नाही आणि नवीन सून म्हणून मनिषानेही विचारलं नाही. सासू गेली, रंभाचा नवरा गेला, दोघींची मुलं मोठी झाली, मिठागरं बुजून तिथे इमारती उभ्या राहिल्या, तरी ती वाटणी तशीच राहिली.

मनिषाला ते डाचत होतं. आपला आवाज रंभापेक्षा गोड आहे, याबद्दल तिला शंका नव्हती. घरात कोणी नसलं की भांडी घासताना ती रंभाच्या ओळी स्वतः काढून बघायची आणि त्या तिला रंभापेक्षा बऱ्या जमल्या असं वाटायचं. मांडवात मात्र लोक म्हणायचे, रंभा आली, आणि मग मनिषाकडे बघून, जाऊ पण आलीय वाटतं. मानाची साडी दोघींना मिळायची, पण घडी उलगडल्यावर रंभाच्या साडीचा काठ रुंद निघायचा. मनिषा घरी येऊन काठावर काठ ठेवून बघायची. नवरा तुळशीराम म्हणायचा की साडी ती साडी.

मग कादंबरी आली. ती पनवेलची, एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरीला होती. विमानतळासाठी गावं उठली तेव्हा ती आणि तिचे मित्र सुट्टीच्या दिवशी जाऊन रिकाम्या घरांचे फोटो काढायचे, दारं-खिडक्या मोजायचे, लोकांनी मागे टाकलेली जाती, मिठागरातली फावडी, देवघराच्या चौकटी टिपून ठेवायचे. त्या सगळ्याचं आता ते एक व्हर्च्युअल म्युझियम करत होते. रंभाच्या ओटीवर बसून तिने ते समजावून सांगितलं. इमारत नाही, तिकीट नाही. फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरवर उघडायचं आणि गावात शिरायचं. ओटी, माजघर, चूल, परस, सगळं फिरून बघता येईल. शेवटी मांडव असेल आणि त्या मांडवात धवला ऐकू येईल. मस्कतमध्ये बसलेला माणूससुद्धा आत येऊ शकेल, असं ती म्हणाली.

रंभाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "येवढ्या घरांत झाडू कोन मारनार?"

कादंबरी हसली. मनिषाही हसली असती, पण कादंबरी हे सगळं रंभाकडे बघून सांगत होती, आणि चहाचे कप मनिषाच्या हातात होते.

रेकॉर्डिंगला दोन माइक आणले होते, दोघींना एकेक. गाणं झालं, ते छानच झालं. मग कादंबरीने रंभाला एका स्टुलावर बसवून चारी बाजूंनी तिचे फोटो घेतले, नथीचे जवळून घेतले, हाताचे घेतले. म्युझियममध्ये रंभाला गोल फिरवून बघता येईल, असं तिने सांगितलं. मनिषाचे फोटो घ्यायची वेळ आली तेव्हा उन्हं उतरली होती. बसल्या जागी समोरून दोन काढले आणि पुरेत म्हणाली. रंभाला पुष्कळ प्रश्न विचारले गेले. लग्न कधी झालं, पहिला धवला कुठे म्हटला, सासू कशी होती. मनिषाला एकच विचारला गेला, आडनाव दोघींचं तेच ना.

म्युझियमचं उद्घाटन पनवेलच्या एका सभागृहात झालं. मोठ्या पडद्यावर मांडव उघडला आणि रंभा भिंतीएवढी दिसली. कोणीतरी बोट फिरवलं तशी ती सावकाश वळली, पाठीवरचा अंबाडा, त्यातली अबोली, परत चेहरा. मनिषा तिच्या बाजूला होती, पण चपटी, फोटो चिकटवल्यासारखी. खाली अक्षरं आली. रंभाच्या नावाखाली धवलारीण, आणि त्याच्या खालच्या ओळीत, साथ: मनिषा.

साथ. मनिषाने तो शब्द परत परत वाचला. तबला वाजवणाऱ्याची असते ती साथ. अर्धं गाणं म्हणणाऱ्या बाईला साथ म्हणतात, हे तिला तिथे कळलं.

रंभाला मंचावर बोलावून शाल दिली. टाळ्या संपत आल्या तेव्हा रंभा माइककडे वाकून म्हणाली, "माझी जाऊ पन हाय. तिला पन बोलवा." मग धावपळ करून दुसरी शाल आणली गेली. मनिषा वर गेली, शाल घेतली, खाली उतरली. विसरले असते तर तिला तेवढं लागलं नसतं. रंभाने आठवण करून दिली म्हणून मिळालेली शाल तिने घरी आल्यावर कपाटाच्या तळाशी टाकली.

तुळशीरामला मात्र ते म्युझियम फार आवडलं. रिटायर झाल्यापासून त्याला वेळ होता. जेवण झालं की तो फोन घेऊन त्या घरांतून हिंडायचा, हे अमक्याचं घर, ही तमक्याची विहीर, असं बोलत राहायचा. एकदा दुपारी त्याने तिला हाक मारली. त्याला नवीन काहीतरी सापडलं होतं. मांडवातल्या बाईवर बोट ठेवलं की तिचा आवाज बंद करता येत होता. दोन माइक दोन आवाजांसाठी होते ते यासाठी. त्याने प्रेमाने रंभाचा आवाज बंद केला आणि म्हणाला, आता ऐक, आता तूच.

मनिषा बाजूला बसली. आधी नुसतीच शांतता होती. मग मध्येच तिचा आवाज आला, दोन शब्द पकडून पुढे गेला, टेकला, थांबला. परत शांतता. परत कुठूनतरी अर्धी ओळ. कशाबद्दल आहे ते कळत नव्हतं. नवरी कुठून निघाली ते नव्हतं, कुठे पोचली तेवढं होतं. कोणाला हळद लागली ते नव्हतं, लागली तेवढं होतं. आपण जन्मभर हे म्हणत आलो, असं तिच्या मनात आलं. तुळशीराम कौतुकाने मान हलवत होता. तिने फोन त्याच्या हातातून घेऊन उपडा ठेवला आणि उठून गेली.

त्यानंतर पळस्प्याजवळच्या एका हॉलमध्ये लग्न होतं. म्युझियममुळे रंभा आता माहीत झाली होती. मुली तिच्याभोवती फोन घेऊन उभ्या होत्या, मुलीकडच्या शहरी पाहुण्यांना तिचा व्हिडिओ हवा होता. दोघी चौकाशी बसल्या. रंभाने घसा साफ केला. तेवढ्यात फोन धरलेली एक मुलगी मनिषाला अगदी गोड आवाजात म्हणाली, "काकी, जरा बाजूला सरकता का? फ्रेममध्ये येताय."

मनिषा सरकली. रंभाने पहिली ओळ काढली. ओळ नेहमीसारखी वर गेली, वळली, शेवटच्या शब्दांवर आली. मनिषाने तोंड उघडलं नाही.

ठरवून केलं असं नव्हतं. पण त्या क्षणी तिला दिसलं की तोंड बंद ठेवायचं एवढंच आपल्या हातात आहे, आणि ते करताना तिला बरं वाटलं. रंभाने शेवटचे शब्द पुन्हा म्हटले आणि तिच्याकडे पाहिलं. मनिषा चौकातल्या तांदळाकडे बघत राहिली. रंभाने मग स्वतःच ओळ पुढे नेली, पण मध्ये श्वास घ्यायला जागा नव्हती. दुसऱ्या ओळीला तिचा आवाज चिरला, तिसऱ्या ओळीला ठसका लागला तो थांबेना. बायका पाणी आणायला धावल्या. फोन धरलेल्या मुलींनी फोन खाली केले. बाहेर हायवेवरचे ट्रक तेवढे ऐकू येत होते. मग कोणीतरी खूण केली आणि बँजो सुरू झाला.

मनिषाने सगळ्यांना सांगितलं की घसा बसला. परत येताना दोघी एकाच रिक्षात होत्या. रंभाने फक्त एकदा विचारलं, फार दुखतोय का. मनिषा हो म्हणाली. रंभाने पदराच्या गाठीतली लवंग सोडून तिला दिली आणि बाहेर बघत बसली.

त्या हंगामात रंभाने पुढचं एकही लग्न घेतलं नाही. माणसं आली की म्हणायची, मना आता जमत नाय, मनिषाकडे जा. माणसं मनिषाकडे आली.

हवं ते मिळालं होतं. मनिषा मांडवात पुढे बसली, तिने ओळी काढल्या, आणि उचलायला कोणी नव्हतं. भोवतालच्या बायका गुणगुणायच्या, पण त्यांना शब्द येत नव्हते. पुतणीला शिकवायचा प्रयत्न केला, तिने दोनदा आवाज लावला आणि लाजून सोडून दिलं. दोन्ही बाजू एकटीने म्हणताना मनिषाला दम लागायचा. ती ओळी गाळू लागली, धवले आखूड झाले. लोक काही बोलले नाहीत. साडी मिळाली, रुंद काठाचीही मिळाली. उलव्याच्या एका लग्नात मात्र यजमानांनी अगदी नम्रपणे सांगितलं की काकी, तुम्हाला त्रास नको, आम्ही म्युझियममधला धवला स्पीकरवर लावतो, तुम्ही फक्त चौक काढा. आणि त्यांनी तो लावला. मनिषा चौकाशी बसून राहिली आणि स्पीकरमधून रंभा ओळ काढत होती, तिची ओळ मनिषाच उचलत होती, आणि खऱ्या मनिषाची कोणाला गरज नव्हती. आपण गप्प बसलो तर धवला थांबतो, हे पळस्प्याला खरं होतं. इथे ते खरं राहिलं नव्हतं.

कादंबरीचा फोन आला तो याच सुमाराला. ती आनंदात होती. सगळीकडून लोक म्युझियम बघत होते, उरणपासून कुवेतपर्यंत. कोणीतरी आपल्या आजीची चूल ओळखून रडत निरोप पाठवला होता. आणि एक गंमत सांगायची म्हणून ती म्हणाली की मांडवात लोक सर्वांत जास्त कोणता आवाज बंद करतात माहितीये का मनिषाताई, तुमचा. पुढे ती काहीतरी सांगणार होती. मनिषाने फोन ठेवून दिला. पुन्हा आला तो उचलला नाही.

तिला आता रंभाचा राग येत होता, कादंबरीचा येत होता, आणि नावगाव माहीत नसलेल्या त्या सगळ्या लोकांचा येत होता, जे कुठे कुठे बसून तिच्यावर बोट ठेवून तिला गप्प करत होते. रंभाला कोणी बंद करत नव्हतं.

एके दिवशी सकाळी दारात एक मुलगी उभी राहिली. तिने नाव भाविका सांगितलं. वडील मस्कतला नोकरीला, ती तिथेच वाढलेली, आता भावाच्या लग्नासाठी आली होती. त्यांचं मूळ घर विमानतळात गेलेल्या गावातलं. लहानपणी सुट्टीत ती यायची ती पनवेलच्या फ्लॅटवर. ते घर आतून तिने पहिल्यांदा पाहिलं ते म्युझियममध्ये, असं तिने सांगितलं. त्यातून हिंडता हिंडता ती मांडवात पोचली होती.

मनिषाने तिला पाणी दिलं आणि रंभाचं घर पलीकडे आहे म्हणाली.

"तिथूनच आले," भाविका म्हणाली. "मला लग्नात रंभाकाकींबरोबर धवला म्हणायचाय. त्या म्हणाल्या, ती जागा मनिषाची हाय, तिला विचार."

"तुला येतो?"

"तुमचा भाग येतो. रोज तुमचा आवाज बंद करते आणि तुमच्या जागी मी म्हणते. आधी तुमचा ऐकून ऐकून पाठ केला, मग बंद केला." तिने पाण्याचा घोट घेतला. "तिकडे आम्ही सगळ्या असंच करतो. रंभाकाकींचा कोण बंद करणार? आपल्याआधी ओळ काढायला कोणीतरी हवं ना."

सगळ्या म्हणजे कोण, ते भाविकाने सांगितलं. तिच्या दोन मैत्रिणी, एकीची आई, बहरीनमधली एक मामी. संध्याकाळी स्वयंपाक करताना फोन ओट्यावर उभा ठेवून रंभाची ओळ आली की उचलायची. मनिषाच्या डोळ्यांसमोर ती स्वयंपाकघरं आली, आणि त्या ओट्यांपाशी आपल्या जागेवर उभ्या राहिलेल्या त्या अनोळखी बायका आल्या. कादंबरीचा फोन ठेवल्यापासून छातीत बसलेला दगड जरा हलला. पण तो गेला नाही. कारण आता ही पोर समोर होती, तरुण, दमदार, आणि ती रंभाशेजारी बसणार होती.

"घे की," मनिषा म्हणाली. "माझी परवानगी कशाला? फुकट तर मिळते ती जागा."

तिच्या बोलण्यातला कडवटपणा पोरीला कळला नाही. तिने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, तुम्ही याच हं.

मनिषाला जायचं नव्हतं. तुळशीराम म्हणाला, आमंत्रण आहे, समाजातलं लग्न आहे, नाही गेलीस तर लोक विचारतील. पनवेलच्या हॉलमध्ये सकाळचा मुहूर्त होता. ती मुद्दाम मागच्या रांगेत बसली. पुढे मांडव, उंबराची फांदी, तांदळाचा चौक. चौकाशी रंभा, बऱ्याच महिन्यांनी नथ घालून बसलेली, थोडी वाळलेली. आणि तिच्या डाव्या हाताला, जिथे मनिषा बसायची तिथे, भाविका.

ज्या जागेला मनिषाने वर्षानुवर्षं शिव्या घातल्या होत्या, ती जागा दुसऱ्या कोणाच्या खाली बघून ती चिडली. त्या पोरीने पदर नीट केला, त्याचाही तिला राग आला. ती चुकली तर बरं, असं तिला अगदी स्वच्छ वाटलं. चुकली की सगळे मागे वळून आपल्याला शोधतील.

रंभाने ओळ काढली. शेवटच्या शब्दांवर भाविकाने ती उचलली. चुकली नाही. शब्दाच्या आधीचा छोटा हुंकार, ओळ टेकवताना आवाज किंचित खाली दाबणं, दोन ओळींमध्ये हळूच घेतलेला श्वास, सगळं मनिषाचं होतं. आपण असं करतो हे मनिषाला स्वतःलाही माहीत नव्हतं. पोरीच्या तोंडून आलं तेव्हा तिने ते ओळखलं. तिच्या शेजारी करंजा गावची एक म्हातारी बसली होती. तिला नीट दिसत नव्हतं. तिने मनिषाच्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, "रंभाच्या मागे ती मनिषाच हाय ना? तिचा आवाज मी कुठंपन वलखीन."

म्हातारी उत्तराची वाट बघत नव्हती, ती डोलत ऐकत होती.

दोन धवले झाले. तिसरा लांब होता, नवरीला मांडवात आणायचा. रंभाने तो काढला आणि थोड्या ओळींतच तिचा श्वास अपुरा पडू लागला. भाविका वेळेवर उचलत होती, पण रंभाची पुढची ओळ उशिरा येऊ लागली, मग आणखी उशिरा. शेवटी रंभाने छातीवर हात ठेवला आणि थांबली. भाविका घाबरून तिच्याकडे बघू लागली. काढायच्या ओळी तिला येत नव्हत्या. त्या तिने कधी म्हटल्याच नव्हत्या. रंभाने मान वर केली. तिची नजर रांगांवरून फिरत मागे आली आणि मनिषावर थांबली.

"मनिषा," ती मोठ्याने म्हणाली नाही, पण ऐकू आलं. "तू काढ."

मनिषा उठली. पुढे गेली, रंभाच्या उजव्या हाताला बसली. जिथे ओळ तुटली होती तिथून तिने ती काढली. आवाज लागला, वर गेला. या वेळी दम लागेल म्हणून ती मनातून तयार होती. ओळ शेवटच्या शब्दांवर आली, श्वास संपत आला, आणि तिला वाटलं की आता पडणार, त्याच्या किंचित आधी मागून ती ओळ कोणीतरी हातात घेतली. घाई नाही, ढकलणं नाही. तिच्याच आवाजाच्या वळणाने कोणीतरी ती ओळ पुढे नेत होतं, आणि तिला फक्त श्वास घ्यायचा होता. तिने तो पोटभर घेतला.

दुसऱ्या ओळीलाही तसंच झालं. तिसऱ्या ओळीला तिला धीर आला आणि तिने आवाज आणखी वर नेला, कारण खाली कोणीतरी आहे हे आता तिला माहीत होतं. रंभाला हे इतकी वर्षं मिळत होतं. आणि पळस्प्याला रंभाने असाच आवाज वर नेला होता, आणि खाली कोणी नव्हतं. मनिषाचे डोळे भरले. तिने ओळ सोडली नाही. नवरी मांडवात आली, धवला पुरा झाला, अक्षता पडल्या.

जेवणाच्या वेळी दोघी जावा भिंतीकडच्या टेबलावर एकत्र बसल्या. मनिषाने भाकरीचा तुकडा मोडून तसाच ठेवला.

"बाय, पळस्प्याला माझा घसा बसला नवता."

"मना ठाव हाय," रंभा म्हणाली आणि वाढप्याला हाक मारून तिच्यासाठी आणखी रस्सा मागवला. मग थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "सासूने आधी मनाच उचलायला बसवलेलं. तू यायच्या आधी. मना जमायचं नाय. तिची ओळ संपायच्या आत मी घुसायची. ती वैतागली आनि बोलली, तू काढ, उचलायला दुसरी बघते."

मनिषाने वर पाहिलं. रंभा माशातले काटे काढत होती. हे तिने इतकी वर्षं का सांगितलं नाही, ते विचारावंसं मनिषाला वाटलं. मग रंभाचा चेहरा बघून विचारायची गरज उरली नाही. कोणती बाई जावेला असं सांगेल.

भाविका मस्कतला परत गेली. जायच्या आधी तिने कादंबरीला भेटून हट्ट धरला की काढायच्या ओळीही शिकता यायला हव्यात, म्हणून सगळे धवले नव्याने घ्या, एकदा रंभाकाकी पुढे, एकदा मनिषाकाकी पुढे. कादंबरीला ते पटलं. नावाखालचा तो साथ शब्दही मनिषाने तिला काढायला लावला. त्या जागी काय लिहायचं यावर दोघींचं फोनवर बरंच बोलणं झालं आणि शेवटी धवलारणी असा एकच शब्द दोघी जावांच्या नावांखाली आला. तुळशीरामने तो लगेच उघडून दाखवला.

तरी सगळं गोड झालं असं नाही. भाविका व्हिडिओ कॉलवर शिकायची तेव्हा आधी रंभाला लावते की आपल्याला, याकडे मनिषाचं लक्ष असायचं. आणि नवीन रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी, सकाळी उजाडताच, रंभाच्या ओटीवर दोघींचं कडाक्याचं वाजलं. नवरीला मांडवात आणायचा लांब धवला आधी कोणी काढायचा, यावरून. मनिषाचं म्हणणं, तुला दम लागतो. रंभाचं म्हणणं, दम लागला तर तू हायस ना उचलायला, आनि तू काढलास तर मना उचलता येत नाय हे तुना ठाव हाय. मनिषा म्हणाली, मग शिक. आवाज ऐकून शेजारच्या बायका दारात आल्या. इतक्या वर्षांत या दोन जावांना भांडताना त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

रंभा शेवटी चिडून पाय दुमडून बसली आणि म्हणाली, काढ तर मग, बघू. मनिषाने ओळ काढली. रंभा ती संपायच्या आत घुसली.

"परत," मनिषा म्हणाली, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.